परिचारिकांची परीक्षा

परिचारिकेच्या शिक्षणाकडे मुली का वळतात, असा प्रश्न केला की 'सेवाभावाने' हे उत्तर ठरलेले असते. आम्हांस ते अपुरे वाटते, आणि काहीसे सोयीचेही. माळव्यातल्या खेड्यातून इंदूरला येणारी मुलगी नोकरीच्या आशेने येते. पुढेमागे आखातात जावे, धाकट्या भावंडांचे शिक्षण करावे, असा हिशेब असतो. आपल्या बांबोळीच्या संस्थेत शिकणाऱ्या मुलींच्या मनातही तो नसेल असे नाही. त्यात उणे ते काय?

ओढ पोटासाठी लागते. पक्की होते ती रुग्णाच्या खाटेशी. चाचपडणाऱ्या बोटांना पहिल्यांदा शीर सापडते, रात्रपाळीत कण्हणारा म्हातारा हात धरल्यावर शांत झोपतो, आणि त्या रात्री पुस्तक आपणहून उघडले जाते. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय ही अशी अफाट शाळा आहे. पण ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

महाविद्यालयाशी १०० खाटांचे रुग्णालय जोडलेले असावे असा दंडक आहे. मध्य प्रदेशात कित्येक ठिकाणी ते कागदावरच निघाले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ महाविद्यालये तपासली. २०२४ च्या आरंभी अहवाल आला : १६९ योग्य, ७४ सदोष, ६५ अपात्र. त्याच वर्षी मे महिन्यात अनुकूल शेऱ्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास पथकातलेच अधिकारी अटकेत गेले, आणि त्या 'योग्य' ठरलेल्यांचीही फेरतपासणी करावी लागली. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची?

या घोळात परीक्षा लांबल्या. २०२० च्या सुमारास प्रवेश घेतलेल्या अनेक मुली चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन वर्षे पहिल्याच पायरीवर उभ्या राहिल्या. घरी विवाहाची बोलणी सुरू होतात, शुल्काची मागणी मात्र थांबत नाही. अशा मुलीला सेवाभावाचे पाठ देण्याचा अधिकार कोणास उरला?

अपात्र संस्थांतील विद्यार्थिनींनाही न्यायालयाने परीक्षेस बसू दिले, हे न्याय्यच झाले. चूक त्यांची नव्हती. परंतु जिने रुग्णकक्ष धड पाहिला नाही, ती उत्तीर्ण होऊन उद्या कोणाच्या तरी उशाशी उभी राहील. त्या रुग्णाचाही विचार हवा. प्रमाणपत्र देण्यापूर्वी अशा प्रत्येकीला सरकारी रुग्णालयात, अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली, काही महिने विद्यावेतनासह काम द्यावे. त्याचा खर्च ज्यांनी खोट्या खाटा दाखविल्या त्यांच्याकडून वसूल व्हावा.