आधी ‘कऱ्हा’ लिहून दाखवा

व्हीआय आणि ईमॅक्स, दोघांचाही जन्म १९७६चा. त्यांच्या जुन्या भांडणात आपण का पडायचं? लिनक्सवर एडिटर निवडताना माझी कसोटी एकच: बारामतीच्या नदीचं नाव लिहा, ‘कऱ्हा’. डोळ्यांना दोन अक्षरं. युनिकोडमध्ये पाच चिन्हं, यूटीएफ-८मध्ये १५ बाइट. बऱ्याच टर्मिनलांत व्हिम उघडलं की हे जोडाक्षर फुटतं, कर्सर भलतीकडेच उभा राहतो. केट, जीएडिट नीट दाखवतात.

मित्र म्हणतात, कोड तर इंग्रजीतच असतो. मान्य. पण रोजचं काम म्हणजे फक्त कोड नव्हे. इंदापुरातल्या डाळिंबांच्या पट्ट्या, गावांच्या याद्या, घरचा हिशोब मराठीतच लिहायचा असतो. शॉर्टकट महिन्याभरात हाताला बसतात. फुटलेलं अक्षर मात्र रोज फुटतं. ‘वेगवान’ म्हणून ते सोसायचं कशाला?