बांक एक, शिक्षण एक नव्हे

अमेरिकेंत पोट भरण्यासाठीं परमुलखांतून आलेल्या लोकांच्या मुलांस कोणत्या भाषेंतून शिकवावें, हा वाद पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो पंडितांचा वाद समजून आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं पान उलटूं नये.

सन १९७४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी मुलांचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. सुमारें १८०० मुलें वर्गांत बसत, पण मास्तर काय बोलतो तें त्यांस कळत नसे. पुस्तक तेंच, बांक तोच, मग तक्रार कसली, हें शाळाखात्याचें म्हणणें! खालच्या कोर्टांस तें पटलें; सर्वोच्च न्यायालयानें तें एकमतानें फेटाळलें. मात्र मदत कोणत्या रीतीनें द्यावी हें त्यानें ठरविलें नाहीं, आणि भांडण तेथेंच उरलें.

कॅलिफोर्नियांत मातृभाषेचे वर्ग निघाले, पण कित्येक ठिकाणीं मुलांस इंग्रजी येईचना. १९९६ सालीं लॉस एंजेलिस येथील शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या आईबापांनीं सुमारें दोन आठवडे मुलें शाळेंत धाडलीं नाहींत. आमच्या मुलांस इंग्रजी शिकवा, एवढेंच त्यांचें मागणें, आणि तें रास्त होतें. आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत घालून दुसऱ्यांस मातृभाषेचा उपदेश करणारे महात्मे इकडेही थोडे नाहींत!

त्या रास्त मागणीवर स्वार होऊन रॉन उंझ नांवाच्या धनिकानें १९९८ सालीं मतदारांकडून कायदा करून घेतला. पालकानें खास अर्ज केल्याखेरीज परभाषी मुलास साधारण एक वर्ष इंग्रजीचा वर्ग, कीं पुढें सर्वांबरोबर. एका वर्षांत खेळण्यापुरती भाषा येईल. गणिताची व इतिहासाची कशी येणार? आईबापांनीं इंग्रजी मागितली होती, घरची भाषा टाकून देण्याचा सौदा केला नव्हता. २०१६ सालीं सुमारें ७३ टक्के मतांनीं तो निर्बंध उठला. पण मधल्या अठरा वर्षांत दोन्ही भाषांतून शिकविणारे शिक्षक तयार होणेंच मंदावलें. वर्गांस परवानगी मिळाली, तर मास्तरांचा तुटवडा!

रयतेनें कर भरावा आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च व्हावा, हा अन्याय जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडला. कारखान्यांत शिवणारी बाईही करच भरते. तिच्या मुलासाठीं दोन भाषा जाणणारा मास्तर नेमणें हा धर्मादाय नव्हे.

आमचे बीडकडचे ऊसतोड मजूर कर्नाटकांतील फडांवर जातात, तेव्हां बरोबरच्या पोरांस गांवांतली कानडी शाळा असून नसल्यासारखी. त्यांच्यासाठीं दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक कोण ठेवणार, हें मजुरांनीं यंदां उचल घेण्यापूर्वींच मुकादमास व कारखान्याच्या चालकांस विचारावें.