निळा पडदा आणि हाताने लिहिलेली यादी

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या संगणकांवर एक सदोष अपडेट धाडले. ते ७८ मिनिटांत मागे घेतले गेले. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले होते. मूळ चूक किरकोळ वाटावी अशीच होती. प्रणालीची अपेक्षा २० नोंदींची होती, तिच्यापुढे आल्या २१.

त्या दिवशी देशातील विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहिले गेले. त्यांची छायाचित्रे गाजली, थट्टाही झाली. परंतु पास हाताने लिहिणे हा त्यातला सोपा भाग. काउंटरवर, गेटवर आणि सामानाजवळ उभ्या असलेल्या माणसांची यादी एकच असावी लागते. एरवी हा मेळ संगणक गुपचूप घालून देतो. तो नसला की एकच आसन दोघांच्या नावे लागण्याची भीती. अशा वेळी मूळ यादी कोणाच्या हाती राहणार, हे आधी ठरलेले असेल तरच कागद उपयोगी पडतो. इंडिगोला जवळजवळ २०० उड्डाणे रद्द करावी लागली.

दुरुस्तीही सांघिक कसोटीचीच होती. बंद पडलेला संगणक दुरून सावरता येत नव्हता. बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन ती फाइल काढावी लागली. ज्यांच्या डिस्क कुलूपबंद होत्या, त्यांना ४८ अंकी किल्ली हवी होती आणि काही संस्थांत ती किल्ली बंद पडलेल्या सर्व्हरमध्येच ठेवलेली होती!

‘डेल्टा’ची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील अन्य विमान कंपन्या लवकर सावरल्या. डेल्टाची मात्र पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. विमाने होती, वैमानिकही होते. कोण कोणत्या शहरात अडकला आहे, याचा हिशेब ठेवणारी प्रणाली बदलांच्या ओझ्याखाली मागे पडली आणि तो हिशेब माणसांना वेळेत जुळवता आला नाही. सुमारे ५० कोटी डॉलरच्या नुकसानीसाठी डेल्टाने क्राउडस्ट्राइकला न्यायालयात खेचले. देऊ केलेली मदत डेल्टानेच नाकारली, असा क्राउडस्ट्राइकचा प्रतिवाद आहे. मे २०२५ मध्ये जॉर्जियातील न्यायाधीशांनी दाव्याचा बराचसा भाग पुढे चालवण्यास मुभा दिली.