साथ चालू असतानाच सिरोटाइप कळायला हवा

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की प्रयोगशाळेत एनएस-१ आणि आयजीएमसाठी नमुन्यांची रीघ लागते. या चाचण्यांतून डेंग्यू आहे एवढे कळते. चार सिरोटाइपपैकी कोणता, ते कळत नाही. त्याने उपचार बदलत नाहीत, सलाईनचा हिशेब तोच राहतो. म्हणून सिरोटाइप हा संशोधकांचा विषय, असे आपल्यापैकी अनेक जण धरून चालतात. ही समजूत घातक आहे.

क्यूबात १९७७ साली डेन-१ची मोठी पण सौम्य साथ येऊन गेली. चारच वर्षांनी, १९८१ मध्ये, डेन-२ आला. ३,४४,२०३ रुग्ण आणि १५८ मृत्यू नोंदले गेले, त्यांत १०१ मुले होती. डेन-२ पुन्हा १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा शहरात उसळला, तेव्हा मात्र गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते आणि दगावलेले १२ही प्रौढच. डेन-१चा जुना संसर्ग त्यांच्याच पिढीला झाला होता. नंतर जन्मलेली मुले वाचली. आधी कोणता सिरोटाइप येऊन गेला आणि आता कोणता आला, हे ठाऊक असेल तर अतिदक्षता विभागात कोणत्या वयाचे रुग्ण येतील याचा अंदाज बांधता येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने डेन-२बद्दल ११ राज्यांना सावध केले, त्यांत महाराष्ट्र होता.

अडचण वेळेची आहे. विषाणूचा आरएनए रक्तात साधारण पहिले पाच दिवसच सापडतो. आयजीएम पॉझिटिव्ह येईपर्यंत तो बहुधा ओसरलेला असतो आणि आरटी-पीसीआरच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्या संसर्गात तर तो आणखी लवकर ओसरतो. त्यातच प्रतिपिंडांशी बांधले गेल्यामुळे एनएस-१ही अनेकदा निगेटिव्ह येते. केवळ एनएस-१ पॉझिटिव्ह नमुने निवडून पाठवले, तर नेमके दुसऱ्यांदा बाधित झालेले, म्हणजे अधिक धोक्यातले रुग्ण चित्रातून गळतात. या मुद्द्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

पाचव्या दिवसाच्या आतले, लक्षणांवरून डेंग्यू वाटणारे पण एनएस-१ निगेटिव्ह आलेले काही नमुनेही म्हणूनच पाठवले पाहिजेत. सौम्य आणि गंभीर, दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यांत असावेत. वस्त्याही वेगवेगळ्या असाव्यात. एकाच गावात दोन-तीन सिरोटाइप एकत्र फिरू शकतात. दिल्लीत २००३ मध्ये चारही सापडले होते. सिरम वेगळे करून बर्फावर त्याच दिवशी रवाना करावे, ते शक्य नसेल तर उणे ७० अंशांवर ठेवावे. वितळवून पुन्हा गोठवलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवू नये.

फॉर्मवरचा 'तापाचा कितवा दिवस' हा रकाना बहुतेक वेळा कोरा येतो. तो डॉक्टरांनी स्वतः भरावा. आणि साथ ओसरण्याची वाट न पाहता, पहिल्या पंधरवड्यातलेच नमुने जवळच्या शासकीय विषाणू प्रयोगशाळेकडे पोहोचवावेत, ही आमची सर्व वाचकांना आग्रहाची विनंती आहे.