जुळ्या भावालाही विचारायला हवं

डायलिसिसवरच्या मागच्या लेखानंतर बऱ्याच वाचकांनी एकाच अर्थाचं विचारलं. सख्खा भाऊ असताना किडनीसाठी एवढी वणवण कशाला? आणि तो जुळा असेल तर प्रश्नच मिटला की! प्रश्न मिटत नाही. का मिटत नाही ते सांगायलाच हवं, कारण याच समजुतीपायी घरोघरी एखाद्या धडधाकट माणसावर फार मोठा भार टाकला जातो.

आधी जुळण्याचा हिशेब. शरीर आपलं-परकं ओळखतं ते मुख्यतः पेशींवरच्या एचएलए प्रथिनांवरून. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर दाटीनं बसलेली असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. आईच्या दोन गठ्ठ्यांतला एक, वडिलांच्या दोनांतला एक. त्यामुळे सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक, आणि काहीच न जुळण्याचीही चारात एक. उरलेली निम्मी भावंडं अर्धवट जुळतात. दोन वेगळ्या स्त्रीबीजांतून झालेल्या जुळ्यांनाही हाच हिशेब लागू. एकाच फलित बीजातून झालेली जुळी मात्र तंतोतंत जुळतात.

या तंतोतंत जुळण्यावरच किडनी प्रत्यारोपण उभं राहिलं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवली गेली. दोघंही तेविशीतले. रिचर्डच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. भाऊ खरोखर एकाच बीजाचे आहेत याची खात्री कशी करायची? एचएलए तपासणी तेव्हा नव्हतीच. डॉक्टरांनी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावून पाहिला आणि तो टिकला. ठसे तपासायला दोघांना पोलीस ठाण्यातही नेलं होतं, आणि तिथूनच बातमी फुटली म्हणतात. किडनी रोनाल्डच्या अंगातून काढली हार्टवेल हॅरिसन यांनी, रिचर्डला बसवली जोसेफ मरी यांनी. रक्तपुरवठा सुरू होताच लघवी इतकी वाहू लागली की जमिनीवरून पुसून घ्यावी लागली. मरी यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

मला मात्र या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ऑपरेशनच्या आधीचा काळ. निरोगी माणसाच्या पोटात सुरी घालायची आणि त्यातून त्याचा स्वतःचा काडीचाही फायदा नाही, हे वैद्यकाच्या इतिहासात नवं होतं. डॉक्टरांनी धर्मगुरूंना विचारलं, कायदेपंडितांना विचारलं. रोनाल्डनं एका बैठकीत विचारलं की पुढे आयुष्यभर माझ्या तब्येतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का? हॅरिसन म्हणाले, तसं वचन देता येणार नाही. पण तुला कधी गरज पडली तर या खोलीतला एक तरी माणूस नाही म्हणेल असं वाटतं का तुला? आदल्या रात्री खुद्द रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली की अजून वेळ आहे, घरी जा. रोनाल्डनं उलट चिठ्ठी धाडली की मी इथंच थांबणार आहे. जनुकं शंभर टक्के जुळत असतानाही त्याला परत फिरायची वाट मोकळी ठेवली होती आणि ती त्याला बोलून दाखवली होती. माझ्या लेखी हे ऑपरेशनइतकंच मोठं आहे.

तंतोतंत जुळण्यालाही मर्यादा आहेत. रिचर्डनं शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या. पण मूळचा आजार नव्या किडनीतही शिरला आणि १९६३ मध्ये तो गेला. मिनेसोटात मधुमेही रुग्णांना जुळ्या भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा बसवला, तेव्हा ज्या प्रतिकारशक्तीनं आधीच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खाल्ल्या होत्या तिनं नव्या तुकड्यातल्याही काही आठवड्यांत खाल्ल्या. रक्ताच्या कर्करोगात तर एकसारख्या जुळ्याची अस्थिमज्जा दिल्यावर रोग उलटण्याचं प्रमाण जास्त दिसतं. दात्याच्या पेशी थोड्या परक्या असल्या की उरलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात. जुळ्याच्या पेशींना त्यात वावगं काही दिसतच नाही. म्हणून जुळा भाऊ सापडला की जग जिंकलं, असं कोणी सांगू नये.

प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आल्यापासून जनुकांचा हट्ट उरलेला नाही. बायकोची किडनी नवऱ्याला चालते आणि उत्तम चालते. त्यामुळे ‘तुझी जुळते’ या शब्दांचा धाक आता जुळ्या भावापुरता राहिला नाही, तो आईवर, बहिणीवर, बायकोवर आला आहे. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच फार जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. हे निव्वळ प्रेमापोटी होतं असं मी मानत नाही. कमावता माणूस वाचला पाहिजे, हे वाक्य घरात कुणी मोठ्यानं उच्चारावंही लागत नाही.

१९९४ च्या आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं अवयवांची विक्री गुन्हा ठरवली. अल्पवयीन मुलांच्या अंगातून जिवंतपणी अवयव काढायला अपवाद वगळता मनाई आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं चौदा वर्षांच्या जुळ्यांनाही परवानगी दिली होती. भाऊ गेला तर मागे राहिलेल्याच्या मनावर कायमचा घाव बसेल, असा युक्तिवाद होता. मला आपला नियम जास्त पटतो. २०१४ च्या नियमांत आणखी एक चांगली तरतूद आहे : दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. पण दाराबाहेर सासरची माणसं बसलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला ती काय उत्तर देणार? तिला एकटीला, दुसऱ्या दिवशी, शक्यतो रुग्णावर उपचार न करणाऱ्या डॉक्टरनं भेटावं. तिनं नको म्हटलं तर घरच्यांना एवढंच सांगावं की वैद्यकीयदृष्ट्या ती दाता म्हणून योग्य नाही. परदेशात अनेक केंद्रं दात्याला अशी आड देतात, आपणही द्यावी.

आणि रोनाल्डच्या त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येक दात्याला लेखी मिळावं. तो एका किडनीवर छप्पन्न वर्षं जगला, गणित शिकवत राहिला, २०१० मध्ये एकोणऐंशीव्या वर्षी गेला. दात्याचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं दरवर्षी तपासायला फार पैसे लागत नाहीत. ही तपासणी आयुष्यभर, फुकट, प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातच व्हावी आणि तिचा खर्च ऑपरेशनच्या बिलातच आधी धरलेला असावा.