अपवादालाही नियम हवेत

भारतात सरकारी नोकरी म्हटली की संघ लोकसेवा आयोगाचे नाव आधी आठवते. परंतु तुर्भे येथील अणुभट्ट्यांवर काम करणारे, श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपक सोडणारे किंवा क्षेपणास्त्रांची रचना करणारे बहुतेक शास्त्रज्ञ या आयोगामार्फत निवडले जात नाहीत. अणुऊर्जा विभाग, अवकाश विभाग आणि डीआरडीओ आपापल्या शास्त्रज्ञांची भरती स्वतःच्या यंत्रणेद्वारे करतात. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचीही तीच रीत आहे. सरकारी विज्ञानाचा मोठा भाग अशा रीतीने अपवादाच्या वाटेने उभा राहिला. हा अपवाद करणे योग्य होते आणि आजही त्याची गरज आहे. मात्र आयोगाच्या प्रक्रियेतून सूट मिळाली म्हणजे निवडीची कारणे सांगण्यातूनही सूट मिळाली, असा समज विज्ञानसंस्थांनी करून घेतला तर त्याची किंमत विज्ञानालाच मोजावी लागते.

या सवलतीची जागा संविधानातच आहे. अनुच्छेद ३१५ ने केंद्र व राज्यांसाठी लोकसेवा आयोगांची तरतूद केली आणि अनुच्छेद ३२० ने भरतीच्या बाबतीत आयोगाचा सल्ला घेणे हा सर्वसाधारण नियम ठरवला. कोणत्या बाबतींत असा सल्ला आवश्यक नाही, हे विनियमांद्वारे ठरवण्याचा अधिकारही त्याच अनुच्छेदाने राष्ट्रपतींना दिला. सल्लामसलतीतून सूट देणारे १९५८ चे विनियम याच अधिकारातून आले. घटनाकारांनी येथे घातलेल्या एका अटीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. असे विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे किमान १४ दिवस ठेवावे लागतात आणि संसद त्यांत दुरुस्ती करू शकते किंवा ते रद्दही करू शकते. अपवाद करायचा तर तो लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत करावा, हा त्यामागचा संकेत स्पष्ट आहे.

विज्ञानाला ही सूट का लागली, हे समजणे अवघड नाही. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणाऱ्या होमी भाभांची भूमिका अशी होती की, आधी पद निर्माण करून मग त्यासाठी माणूस शोधण्यापेक्षा गुणी माणूस हेरावा आणि त्याच्याभोवती काम उभे करावे. १९५७ मध्ये तुर्भे येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेनेही स्वतःची वाट निवडली. तरुण पदवीधरांना घ्यायचे, त्यांना अणुविज्ञान शिकवायचे आणि मग प्रयोगशाळेत पाठवायचे, ही ती वाट. डीआरडीओने १९८५ मध्ये स्वतःचे भरती व मूल्यमापन केंद्र स्थापन केले. न्यूट्रॉन विकिरणाचे प्रयोग करणारा किंवा क्रायोजेनिक इंजिनातील ज्वलन समजणारा संशोधक सामान्यज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतून सापडणार नाही. त्याची पारख त्याच विषयातील जाणकारच करू शकतात.

पण ज्या कारणाने अपवाद समर्थनीय ठरतो, त्याच कारणात त्याचा धोकाही दडलेला आहे. विषय जितका अरुंद, तितके त्यातील जाणकार थोडे आणि तितकेच ते परस्परांच्या ओळखीचे. निवड समितीत बसलेला तज्ज्ञ हा एका उमेदवाराचा जुना मार्गदर्शक, दुसऱ्याचा सहलेखक आणि तिसऱ्याच्या मार्गदर्शकाचा प्रतिस्पर्धी असू शकतो. यात कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. मोजमाप करणारे उपकरणच मोजल्या जाणाऱ्या वस्तूला जोडलेले असेल, तर भौतिकीचा विद्यार्थी त्या वाचनावर विसंबत नाही. तो आधी उपकरणाची त्रुटी तपासतो. भरतीच्या बाबतीत ही तपासणी संस्थेबाहेरच्या कोणीतरी करायची असते. आयोगाला वगळले की नेमका तोच बाहेरचा माणूस नाहीसा होतो.

त्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे देशाने १९७२ मध्ये पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाने त्या वर्षी आत्महत्या केली आणि कृषी संशोधनातील निवड व बढतीच्या पद्धतींविषयी साचलेला असंतोष उघड्यावर आला. निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९७३ रोजी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ अस्तित्वात आले. निवड तज्ज्ञांकडेच राहिली, परंतु ती वेगळ्या मंडळाकडे सोपवण्यात आली. हे वेगळेपणही पुरेसे नसल्याचे पुढे मान्य करावे लागले. २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हे मंडळ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेपासून अलग करून थेट विभागाशी जोडण्याचा निर्णय घेतला. ज्या परिषदेसाठी माणसे निवडायची, तिच्याच छत्राखालून मंडळाला बाहेर काढायला ४५ वर्षे लागली.

सीएसआयआरचा इतिहास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. ही परिषद कायद्याच्या दृष्टीने एक नोंदणीकृत संस्था आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संविधानाच्या अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या संज्ञेत बसत नाही, असे ठरवले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, समान संधीच्या मूलभूत हक्काचा आधार तेथील कर्मचाऱ्याला परिषदेविरुद्ध घेता येत नव्हता. २००२ मध्ये प्रदीपकुमार बिस्वास खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो निर्णय फिरवला. सरकारी पैशावर व सरकारी नियंत्रणाखाली चालणारी प्रयोगशाळा समतेच्या तत्त्वाबाहेर राहू शकत नाही, हे त्या दिवशी पक्के झाले. पण मधली २७ वर्षे गेलीच, आणि एका पिढीची संपूर्ण कारकीर्द एवढ्या काळात सरते.

आरक्षणाच्या बाबतीत तर अपवादावर अपवाद चढलेले दिसतात. १९७५ च्या आदेशानुसार गट अ मधील सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाला दिशा देण्यासाठी असलेली वैज्ञानिक व तांत्रिक पदे आरक्षणातून वगळता येतात. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाच्या आरक्षणासाठी २०१९ मध्ये झालेल्या कायद्यानेही काही संस्थांना अनुसूचीत घालून सूट दिली. टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिचे घटक ही त्यांतील काही नावे. या सुटीच्या बाजूने आणि विरोधात गंभीर युक्तिवाद होऊ शकतात. तथापि सूट घेणाऱ्या संस्थेवर एक जबाबदारी येतेच. तिने किमान हे सांगावे की सूट मिळाल्यापासून तिच्याकडे कोणत्या सामाजिक स्तरांतून किती अर्ज आले, किती जणांना मुलाखतीसाठी बोलावले आणि किती निवडले. हे आकडे नियमितपणे समोर नसतील, तर गुणवत्तेच्या नावाने घेतलेली सूट गुणवत्तेसाठीच वापरली गेली की नाही, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

मुलाखतीविषयी सरकारचे स्वतःचे मत येथे आठवणे उचित ठरेल. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. मुलाखतीत पक्षपाताला वाव राहतो, हे त्यामागचे एक कारण होते. विज्ञानाच्या वरच्या पदांवर मात्र मुलाखतीचे वजन सर्वाधिक आहे. तुर्भेच्या प्रशिक्षण शाळेत लेखी परीक्षा किंवा गेटचे गुण उमेदवाराला मुलाखतीपर्यंत नेतात. अंतिम निवड मुलाखतीवर होते. विषयाची खोली तपासण्यासाठी तासभर समोरासमोर प्रश्न विचारण्याला पर्याय नाही, हे मान्यच आहे. परंतु लिपिकाच्या मुलाखतीत जो दोष दिसतो, तो शास्त्रज्ञाच्या मुलाखतीत आपोआप नाहीसा होत नाही.

याबाबत अमेरिकेचा अनुभव उपयुक्त आहे. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने तेथे स्पर्धात्मक भरतीचा पाया घातला. जी पदे त्या चौकटीत बसत नाहीत, ती ‘अपवादित सेवा’ म्हणून वेगळी ठेवली जातात; पण त्या सेवेच्या भरतीलाही लिखित नियम आहेत. माजी सैनिकांचे प्राधान्य सर्वसाधारणपणे तेथेही लागू राहते. प्राधान्य असलेल्या उमेदवाराला डावलले तर त्याची कारणे नोंदवावी लागतात आणि मागितल्यास त्याला त्यांची प्रत द्यावी लागते. कोणत्या खात्याला कोणत्या पदांसाठी अपवाद मिळाला आहे, याची एकत्रित सूची दरवर्षी राजपत्रात प्रसिद्ध होते. याच देशाने अपवाद कसा ताणला जाऊ शकतो, हेही दाखवले आहे. धोरणाशी संबंधित कायम पदे नव्या अपवादित वर्गात हलवण्याचा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आला. यामुळे तज्ज्ञ अधिकारी राजकीय मर्जीवर अवलंबून राहतील, अशी टीका झाली. अपवाद कोण करतो आणि त्याला कोण अडवू शकतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ कार्यालयीन राहत नाही.

नियम वाढवले की पुन्हा लाल फीत येईल, हा आक्षेप विज्ञानसंस्थांकडून येणे स्वाभाविक आहे. पण छाननीचे निकष जाहिरातीतच छापल्याने, निकालानंतर निवड समितीची रचना व निवडलेल्यांचे गुण प्रसिद्ध केल्याने, किंवा हितसंबंध असलेल्या सदस्याने त्या मुलाखतीपुरते उठून बाहेर जाण्याने कोणतेही संशोधन अडत नाही. संघ लोकसेवा आयोग निवड झालेल्यांचे गुण संकेतस्थळावर देतोच. उलट अनिश्चिततेचा फटका तरुणांना बसतो. सीएसआयआरच्या शास्त्रज्ञपदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. पीएचडी आणि त्यानंतरचे एखादे संशोधनवर्ष संपेपर्यंत बहुतेकांची तिशी आलेली असते. जाहिरात ते निकाल यांत वर्ष-दीड वर्ष गेले आणि नकाराचे कारणही कळले नाही, तर पुढच्या खेपेस तो उमेदवार अर्ज करायलाच अपात्र ठरू शकतो. अशा उमेदवारापुढे परदेशाचा किंवा खासगी कंपनीचा रस्ता उरतो. विज्ञानसंस्थेला मात्र आपण काय गमावले, याचा पत्ताही लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये वरिष्ठ प्रशासकीय पदांवर थेट भरतीची ४५ पदांची जाहिरात मोठ्या वादानंतर काही दिवसांतच मागे घेतली गेली. ती निवड तर लोकसेवा आयोगच करणार होता. आयोगाबाहेर दशकानुदशके चालू असलेल्या वैज्ञानिक भरतीवर मात्र तसा एकही वाद संसदेत रंगत नाही. त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होऊ शकते. आज केंद्र सरकारची किती वैज्ञानिक पदे आयोगाच्या कक्षेबाहेर भरली जातात, आणि त्या सुटीचा शेवटचा आढावा कोणी व कधी घेतला? पुढच्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जावे, एवढी अपेक्षा या देशातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ठेवली तर ती अवाजवी ठरणार नाही.