गुत्तीचा निळा कोळी

निळ्याशार टॅरंटुलाचं युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींना भारी वेड. काचेची उभी पेटी, झाडाची साल, पाण्याची वाटी, अधूनमधून एखादं झुरळ. एवढ्यावर त्याचं भागतं. खरी कसोटी जोडी लावताना. नर मादीच्या दाराशी पाय आपटून वर्दी देतो, आणि मालक लांब चिमटा घेऊन श्वास रोखून बसतो. बाईसाहेब भुकेल्या असल्या तर नवरदेवच ताटात! हा कोळी मूळचा आंध्रातला. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ मध्ये त्याची नोंद केली, ती गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. मग थेट २००१ मध्ये तो नंद्याळ-गिद्दलूरच्या जंगलात पुन्हा दिसला. तो आढळतो तो टापू शंभर चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तिथेही लाकूडतोड चालूच आहे.